‘आज रात्री मरण आले तर?’ : तारणाची खात्री म्हणजे नेमके काय

‘आज रात्री तुम्हाला मरण आले, तर तुम्ही स्वर्गात जाल याची खात्री आहे का?’ ठाणे, कळवा, ऐरोली, नेरुळ या पट्ट्यात राहणाऱ्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांच्या कानावर हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. कधी तो घरगुती प्रार्थनासभेला पाहुणे म्हणून आलेले पास्टर विचारतात, कधी स्टेशनबाहेर पत्रिका वाटणारा एखादा तरुण विचारतो, तर कधी मोबाइलवर फिरत आलेल्या चित्रफितीतून तो थेट स्वयंपाकघरात येऊन धडकतो. सिडकोच्या एकाच इमारतीत कॅथलिक, सीएनआयचे (म्हणजे उत्तर भारताच्या चर्चचे), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल आणि केरळहून आलेले सिरियन ख्रिस्ती शेजारी-शेजारी राहत असल्याने उत्तरेही मजल्यागणिक बदलतात. रोज मिस्साला जाणाऱ्या आजींना ‘हो, आहे’ असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते, वरच्या मजल्यावरच्या पेंटेकॉस्टल सिस्टरना ‘ते देवालाच ठाऊक’ हे उत्तर अविश्वासाचे लक्षण वाटते, आणि आयुष्यभर संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलेल्या एखाद्या बाई ‘आशा आहे’ एवढेच पुटपुटतात व पुढचे काही दिवस त्यांचे कशातच लक्ष लागत नाही.

प्रश्न वरवर हो-नाहीचा दिसतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माझे तारण झाले आहे का, हा पहिला. आणि ते झाले आहे हे मला कशावरून कळते, हा दुसरा. पहिला वस्तुस्थितीचा आहे, दुसरा तिच्याविषयी मला असलेल्या भरवशाचा. या विषयातला बराचसा गोंधळ आणि रात्रीची बरीचशी तळमळ हे दोन प्रश्न एकच आहेत असे धरून चालल्यामुळे होते.

आधी थोडे मुळाशी

ख्रिस्ती शिकवणीनुसार पाप म्हणजे एखाद-दुसरे वाईट कृत्य एवढेच नसते. देवाला बाजूला सारून स्वतःच्या मर्जीने जगण्याची माणसाची जी मुळातली खोड आहे, तिला पाप म्हणतात, आणि त्यामुळे देव व माणूस यांच्यात दुरावा पडलेला आहे. येशू ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने देवाने स्वतः पुढाकार घेऊन तो दुरावा मिटवला, आणि माणूस त्या कार्याचा लाभार्थी होतो, याला तारण म्हणतात. आपली लायकी नसताना देव जी मेहेरबानी करतो ती कृपा. त्या मेहेरबानीवर भिस्त टाकणे हा विश्वास. एवढे तीन शब्द हाताशी असले की पुढचे सगळे समजते.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, प्रेषित पौल आपल्या पत्रांतून तारणाविषयी तिन्ही काळांत बोलतो. इफिसकरांना तो सांगतो की कृपेने, विश्वासाच्या द्वारे, तुमचे तारण झालेले आहे. करिंथकरांना लिहिताना ‘आपले तारण होत आहे’ असे म्हणतो. आणि रोमकरांना सांगतो की देवाच्या क्रोधापासून आपण तारले जाणार आहोत. क्षमा मिळाली हा एक भाग, स्वभाव हळूहळू पालटतो आहे हा दुसरा आणि शेवटचा निवाडा अजून व्हायचा आहे हा तिसरा. इमारतीतल्या शेजाऱ्यांचा वाद ऐकताना पुष्कळदा असे दिसते की एकजण भूतकाळाविषयी बोलत आहे आणि दुसरा भविष्याविषयी, आणि दोघांनाही वाटते की समोरचा शास्त्र नाकारतो आहे.

खात्री कुठे पाहायची?

ठाण्यातल्या एका वडिलांनी आपला राहता फ्लॅट मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला, असे समजू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार असे दान मोबदल्याशिवाय असावे लागते, देणाऱ्याने ते राजीखुशीने द्यावे लागते आणि ते त्याच्या हयातीत घेणाऱ्याने स्वीकारावे लागते. दस्तावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्याची नोंदणी करावी लागते. हे सारे रीतसर पार पडले. त्या रात्री मुलीला झोप लागत नाही. आपण आईवडिलांसाठी कधी एवढे काय केले, भावाला काय वाटेल, हे घर खरेच आपले झाले का, असे तिच्या मनात येत राहते. अशा वेळी तिने काय पाहावे? स्वतःच्या छातीची धडधड मोजून घराची मालकी कळणार नाही. तिने उठून कपाट उघडावे आणि नोंदणी झालेला दस्त व इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, पाहावा. तिचे मन शांत झाले तर उत्तमच. नाही झाले तरी घर तिचेच आहे.

तारणाच्या खात्रीबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच की विश्वासणारी माणसे ती चुकीच्या जागी शोधतात. ती आपल्या विश्वासाचे वजन करत बसतात, तो किती किलो भरला ते पाहतात, आणि काल भरला त्याहून आज कमी भरला की घाबरतात. शास्त्राचा रोख मात्र दुसरीकडे आहे: देणारा कोण आहे, त्याने काय दिले आहे आणि तो शब्द पाळतो का. मुलीने दस्त स्वीकारला, सही केली, याला कोणी मोबदला म्हणत नाही. त्याचप्रमाणे विश्वास ही तारणाची किंमत नव्हे. ती किंमत ज्याने द्यायची त्याने दिलेली आहे.

बक्षीसपत्रातले दोन साक्षीदारही इथे उपयोगी पडतात. देवाचा आत्मा आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुले आहोत, असे पौल रोमकरांच्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो. ही आतली साक्ष खरी आहे आणि पुष्कळांनी ती अनुभवली आहे. पण साक्ष दस्ताला बळकटी देते, दस्ताची जागा घेत नाही. दाखला इथे थोडा तोकडाही पडतो, हे कबूल करायला हवे. घर ताब्यात ठेवून वडिलांशी अबोला धरता येतो. तारणात मात्र जे मिळते ते म्हणजे पित्याशी जुळलेले नातेच असल्यामुळे नाते नको आणि तारण तेवढे हवे, असा व्यवहार तिथे होत नाही.

योहानाचे पत्र

हा विषय नव्या कराराला परका नाही. एक अख्खे पत्र याच कारणासाठी लिहिलेले आहे. तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावे म्हणून मी हे लिहिले, असे योहान आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटी स्पष्ट सांगतो. त्या मंडळीतून काही लोक फुटून बाहेर पडले होते आणि मागे राहिलेले गोंधळून गेले होते. त्यांना धीर देताना योहान तीन गोष्टी पुन्हा पुन्हा फिरवून सांगतो: येशू देहाने आलेला देवाचा पुत्र आहे असे तुम्ही मानता का, त्याच्या आज्ञेप्रमाणे वागण्याची ओढ तुम्हाला आहे का, आणि आपल्या भावाबहिणींवर तुमचे प्रेम आहे का.

या तीन कसोट्या वाचून हळव्या मनाचा माणूस अधिकच खचेल हे योहानाला ठाऊक असावे, कारण तिसऱ्या अध्यायात तो मध्येच म्हणतो की आपले मन आपल्याला दोषी ठरवत असेल, तर देव आपल्या मनाहून थोर आहे आणि त्याला सर्व काही कळते. माझ्या मते या विषयावरचे सगळ्यात मोलाचे वाक्य हेच आहे. आपले मन हे शेवटचे न्यायालय नाही, वरचे न्यायालय अजून आहे, हे त्यात सांगितले आहे.

मग चर्चचर्चमध्ये फरक का?

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने असा आग्रह धरला की क्षमेचे वचन ऐकणाऱ्याने ते ‘माझ्यासाठी’ आहे असे धरावे. आपण पुरेसे केले का, या विचारात देवाच्या वचनावरच संशय घेणे होते. याला उत्तर देताना कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या निर्णयात म्हटले की देवाच्या दयेवर व ख्रिस्ताच्या पुण्याईवर कोणीही शंका घेऊ नये, मात्र स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहता आपण कृपेत आहोत हे कोणालाही चूक होणे अशक्य अशा खात्रीने कळू शकत नाही, आणि शेवटपर्यंत टिकून राहण्याबद्दलची पक्की खात्री तर खास दैवी प्रकटीकरणाशिवाय शक्य नाही. म्हणून कॅथलिक आजी ‘आशा’ हा शब्द वापरतात, आणि त्यांच्या परंपरेत आशा हा देवाने दिलेला सद्गुण आहे. ‘बघू या, झाले तर झाले’ अशी ती आशा नव्हे.

प्रोटेस्टंट परंपरेतही एकच सूर नाही. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने, म्हणजे इंग्लंडमध्ये तयार झालेल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याने, खात्री मिळणे शक्य आहे असे सांगितले, पण खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळेपर्यंत बराच काळ वाट पाहावी व झगडावे लागू शकते, आणि मिळालेली खात्री पुढे डळमळू शकते, असेही नमूद केले. उत्तर भारताचे चर्च, म्हणजे आपले सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाले तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा निरनिराळ्या परंपरांची मंडळे त्यात एकत्र आली. त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या दोन कुटुंबांना या बाबतीत घरी वेगवेगळे शिकवलेले असले तर नवल नाही.

दरम्यान वाद बराच निवळला आहे, हे मात्र इकडे फारसे कोणी सांगत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात तारणाच्या खात्रीवर स्वतंत्र भाग आहे, आणि विश्वासणाऱ्याने स्वतःच्या अनुभवाकडे न पाहता ख्रिस्ताच्या क्षमेच्या वचनावर विसंबावे, हे दोन्ही बाजूंनी तिथे मान्य केले आहे. मेथडिस्टांची जागतिक परिषद २००६ मध्ये त्यात सामील झाली.

‘एवढी खात्री म्हणजे गर्व नव्हे का?’

खात्रीचा आधार स्वतःचे पुण्य असेल, तर तो गर्वच आहे. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहून आपल्या उपासांचा आणि दशांशांचा हिशेब देवाला ऐकवणारा परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, नेमका असा खात्रीचा माणूस होता, आणि ‘माझ्या पाप्यावर दया कर’ म्हणणाऱ्या जकातदाराला येशूने नीतिमान ठरवले. आपल्याकडे आंतरधर्मीय इमारतीत राहताना ‘मी तारलेला, तुम्ही नाही’ असे लिफ्टमध्ये ऐकवणारी माणसे भेटतात. त्यांची खात्री पहिल्या जातीची असण्याचा संभव अधिक. दान मिळालेला माणूस दात्याचे गुण गातो.

‘मग कसेही वागायला मोकळीक मिळाली’

कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, हा आक्षेप पौलानेच रोमकरांच्या सहाव्या अध्यायात मांडून ठाम शब्दांत फेटाळलेला आहे. बक्षीसपत्राने घर मिळालेली मुलगी कधी किल्ली घ्यायलाही आली नाही, तिने कधी दार उघडले नाही, तर तिने दान मनापासून स्वीकारले होते का, असे कोणीही विचारील. याकोब आपल्या पत्रात हेच विचारतो: कृतीवाचून असलेला विश्वास मेलेला आहे, आणि देव एक आहे असे तर भुतेसुद्धा मानतात व थरथर कापतात.

रविवारी उपासनेत हात उंचावून गाणारा माणूस सोमवारी घरकाम करणाऱ्या बाईंचे दोन दिवसांचे पैसे कापत असेल, भाडेकरूची अनामत अडकवून ठेवत असेल आणि त्याला त्याचे काहीच वाटत नसेल, तर त्याच्या खात्रीला धक्का बसणे हे त्याच्या हिताचेच आहे. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येकजण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, हा इशारा येशूने निर्धास्त माणसांना दिलेला आहे. अडचण अशी, की असा इशारा ज्याने ऐकायचा त्याच्या कानावरून तो वाऱ्यासारखा जातो आणि ज्याला धीर द्यायचा तो बिचारा तो मनाला लावून घेतो. चांगल्या पाळकाचे कौशल्य कोणाला कोणते वचन द्यायचे हे ओळखण्यात आहे.

‘मला तारीखच सांगता येत नाही’

काही मंडळ्यांत प्रत्येकाने आपला ‘नवा जन्म’ कधी झाला ते साक्षीत सांगायचे, असा प्रघात आहे. जॉन वेस्लीला तारीख सांगता येत होती: २४ मे १७३८, लंडनमधली एक सभा, आणि आपल्या पापांची क्षमा झाली आहे ही मनात उमटलेली खात्री. त्याच्या आधी कित्येक वर्षे तो धर्मगुरू म्हणून काम करत होता आणि अमेरिकेत सेवा करून परतला होता. पण त्याच वेस्लीने पुढच्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत लिहिले की मी आताही ख्रिस्ती नाही. मेथडिस्ट चळवळीच्या जनकाची ही अवस्था, तर भावनेच्या चढउताराने आपण का हबकावे?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे पुढे सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले आहे. त्यांच्या बाबतीत बाप्तिस्मा आणि खात्री यांत वर्षांचे अंतर पडले. उलट पौलाचा सोबती तीमथ्य आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासात वाढला, त्याला बालपणापासून शास्त्र माहीत होते, आणि त्याच्या पालटाची तारीख बायबलमध्ये कुठेही नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांनी तारखेपायी जीव टांगणीला लावू नये. आज आपण कोणावर भिस्त टाकून आहोत, एवढे सांगता आले की पुरे.

‘मला आतून काहीच जाणवत नाही’

हा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे, कारण तो आक्षेप नसून दुःख असते. स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी कुठेही दिलासा येत नाही, तरीही ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. मार्कच्या शुभवर्तमानातला आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असे एका दमात बोलतो, आणि येशू त्याला आधी विश्वास वाढवून आण असे सांगत नाही, मुलाला बरे करतो.

काहींच्या बाबतीत याच्या मुळाशी वेगळे काही असते. झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे देवाने पाठ फिरवल्याची लक्षणे म्हणून वाचली जातात. आणखी एक प्रकार असतो: माणूस एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतो, प्रार्थनेत एखादा शब्द चुकला म्हणून ती पहिल्यापासून म्हणतो, पापनिवेदन करून बाहेर पडताच काहीतरी सांगायचे राहिले या भीतीने परत रांगेत उभा राहतो. पूर्वीच्या धर्मगुरूंना हा प्रकार चांगला माहीत होता. आज मानसोपचारतज्ज्ञ तो मंत्रचळेपणाच्या विकाराचे एक रूप म्हणून ओळखतात आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला ‘आणखी प्रार्थना करा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या विकाराला खतपाणी घालणे होय. त्याला डॉक्टरकडे नेणे हे अविश्वासाचे कृत्य नाही.

क्षमा न होणारे पाप आपल्या हातून घडले असेल, ही भीतीही बहुधा इथूनच येते. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात येशूने तो इशारा ज्यांना दिला ते शास्त्री त्याचे काम डोळ्यांनी पाहून ते सैतानाचे आहे असे ठरवत होते, आणि त्यांना त्याची खंत मुळीच नव्हती. ज्याला ही भीती छळते, तो त्यांच्यासारखा नाही.

‘आणि जे विश्वास सोडून गेले त्यांचे काय?’

इथे मात्र सगळ्यांना पटेल असे उत्तर नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय अशा माणसांविषयी फार कडक बोलतो. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले म्हणतात की देवाने ज्याला धरले त्याला तो शेवटपर्यंत धरून ठेवतो, आणि जो कायमचा गेला तो मुळातच आपल्यातला नव्हता. वेस्लीच्या परंपरेतले म्हणतात की मिळालेले दान माणूस झिडकारू शकतो. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापाने कृपा गमावली तरी पापनिवेदनाने ती पुन्हा मिळते. वकील वाचक इथे हसतील, कारण बक्षीसपत्राबद्दलही असाच वाद चालतो: दाता ते मनाला येईल तेव्हा रद्द करू शकत नाही, पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी सांभाळ न केल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली परत मागता येते. या तिन्ही मतांचे लोक एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत: परत येऊ पाहणाऱ्याला हाकलले जात नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले होते आणि त्याच्याकडेच कळप सांभाळायला दिला गेला.

‘आईला आता काहीच आठवत नाही’

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची सेवा करणाऱ्या मुलांचा हा प्रश्न वाढत्या वयाच्या आपल्या वसाहतींमध्ये अलीकडे अधिक ऐकू येतो. पूर्वी पहाटे उठून शास्त्र वाचणारी आई आता येशूचे नाव काढले तर कोरी नजर लावते, एखादे वेळी चिडून पुस्तक भिरकावते. तिची खात्री तर सोडाच, विश्वासही उरलेला दिसत नाही. तारण हे आपल्या जाणिवेवर उभे असते, तर हा प्रश्न निरुत्तर करणारा ठरला असता. पण पौल तीमथ्याला लिहितो की देवाचा पाया पक्का आहे आणि प्रभू आपल्या लोकांना ओळखतो. ओळख ठेवण्याचे काम तिथे प्रभूकडे आहे. इंडेक्स टूची प्रत घरातून गहाळ झाली तरी निबंधकांच्या दफ्तरी नोंद असतेच.

अशा घरांतल्या मुलांनी आईची परीक्षा घेऊ नये, ‘आई, तुला येशू आठवतो ना?’ असे खोदून खोदून विचारू नये. त्याने दोघांनाही त्रासच होतो. तिच्या तरुणपणीची गीते लावावीत, प्रभूची प्रार्थना तिच्याजवळ बसून मोठ्याने म्हणावी, कारण पाठ झालेले शब्द अनेकदा सगळ्यांत शेवटी पुसले जातात, आणि ती सोबत म्हणाली नाही तरी चालेल. आपल्या पाळकांना किंवा फादरना सांगून ठेवले, तर ते अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रभुभोजन घरी घेऊन येतात.